मानेखालची रेघ

ऑफिसात त्यांना सगळे स्पेसकाका म्हणत. दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन जागा सुटल्या, तर ती दुसरी जागा इतर कुणाला दिसत नसे, काकांना दिसे. खुर्चीतून न उठता ते म्हणत, "तिसरा पर्याय, 'वारा'च्या पुढे." शेजारच्या टेबलावरची मुलगी कर्सर नेऊन बघे, तर तिथे खरेच एक घर रिकामे असे.

"काका, तुम्हाला नसलेलं बरोब्बर दिसतं!"

"दुसरं काही बघायला नसतं, म्हणून."

ती हसे. काकाही हसत, पण जरा उशिरा.

त्यांचे काम असे होते. परीक्षेसाठी प्रश्न काढणाऱ्या जाणकारांना प्राश्निक म्हणतात. हे लोक आपापल्या घरी बसून प्रश्न लिहून पाठवत. कुणी जुन्या फॉन्टमध्ये लिही, कुणी मोबाइलवर, कुणी लाल-निळ्या अक्षरांत, तर कुणी प्रत्येक ओळीनंतर पाच-पाच वेळा एंटर मारी. हा सगळा ऐवज काका संगणकावरच्या एडिटरच्या पांढऱ्या चौकटीत आणून ओतत. चौकटीच्या माथ्यावर बारीक बटणांची रांग होती. एक अक्षर ठळक करणारे, एक तिरपे करणारे, एक खाली रेघ ओढणारे, एक घातांक वर चढवणारे. आणि रांगेच्या शेवटी खोडरबराचे चित्र. तो खोडरबर शब्दांना हात लावत नसे. शब्दांच्या अंगावरचे कपडे तेवढे उतरवी. रंग, जाडी, रेघ, आकार सगळे एका दाबात जाई आणि प्रश्न उघडाबोडका, इतर सगळ्या प्रश्नांसारखा होऊन उभा राही. मग मूळ फाइल शेजारी उघडून काका त्याला एकेक कपडा पुन्हा चढवत. 'नाही' हा शब्द ठळक. कवितेच्या ओळी तिरप्या. चारही पर्याय एका रेषेत, आणि बरोबर पर्यायाच्या शेपटाला चुकूनही जास्तीची जागा नको, कारण परीक्षेला बसलेली पोरे कशावरून काय हुडकतील याचा नेम नसतो.

या नोकरीआधी एकवीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी केली होती. पुस्तकात चूक राहिली तर शेवटी शुद्धिपत्र जोडता येई. इथे तसे काही नव्हते. प्रश्न नव्वद मिनिटे हजारो पडद्यांवर उघडा असे आणि मग मिटून जाई. कुणीही तो जपून ठेवत नसे. काकांनी आजवर तीस हजार प्रश्न मांडले असतील. एकावरही त्यांचे नाव नव्हते, आणि असावे असे त्यांना कधी वाटलेही नव्हते.

ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर, चौथ्या मजल्यावर होते. काम गोपनीय, म्हणून खिडक्यांच्या काचांना पांढरा कागद चिकटवलेला. बाहेर ऊन आहे की ढग आहेत हे कागदाच्या रंगावरून ओळखायचे. दाराशी लाकडी कप्पे होते; आत जाताना मोबाइल त्यात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत काढायचा. प्राश्निक कोण, मांडणारा कोण, हे एकमेकांना कळू द्यायचे नाही असा नियम होता. म्हणून सगळ्यांना क्रमांक होते. संपादनाच्या तिसऱ्या टेबलाला सं-३ हा क्रमांक होता आणि त्या टेबलावर काका बसत, म्हणून काका सं-३. भाषेच्या प्राश्निकांमध्ये एक होत्या भा-७.

प्रश्नाच्या उजव्या बाजूला शेरे लिहायची एक अरुंद पट्टी असे. मांडणाऱ्याने शंका विचारायची, प्राश्निकाने उत्तर द्यायचे, आणि प्रश्न मंजूर झाला की पट्टी आपोआप कोरी व्हायची. बाकीचे प्राश्निक तिथे 'ठीक' किंवा 'पाहिले' एवढेच लिहीत. चार वर्षांपूर्वी भा-७ ने पहिल्यांदा लिहिले होते: "सं-३, तुम्ही माझ्या स्वल्पविरामाचा खून केलात."

काकांनी ते वाक्य पुन्हा उघडून वाचले. मग त्यांनी लिहिले, "तो आधीच आजारी होता. वाक्य तपासून बघा."

अर्ध्या तासाने उत्तर आले. "तपासलं. अंत्यविधी उरकून घ्या."

तेव्हापासून हे सुरू झाले. रोज नाही, आठवड्यात दोन-तीनदा, भाषेचे प्रश्न येतील तसे. काका त्यांना मनात बाई म्हणत, कारण त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवले होते हे त्यांच्या लिहिण्यावरून उघड होते. "फळ्यावर लिहिताना हा शब्द मी नेहमी खडू मोडेपर्यंत दाबून लिहायचे, तुम्ही ठळक करा." "हा प्रश्न सोपा वाटतो, पण मागच्या बाकावरचे सगळे यात पडतात." काका उत्तर देत, "मी मागच्याच बाकावरचा. पडलो." प्रश्न मंजूर झाला की हे सगळे पुसले जाई. कुठे उतरवून घ्यायची सोय नव्हती. कागद-पेन आत न्यायला बंदी होती. काका ते लक्षात ठेवत. घरी पोचेपर्यंत निम्मे राही.

घर म्हणजे दोन खोल्या. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. पुढच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असत. शेजारचे दार वाजले की आपलेच वाजले असे वाटून काका उठत, आणि उठलोच आहोत तर म्हणून पाणी पिऊन परत बसत. दिवसातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, थोरल्या बहिणीचा फोन येई. ती दुसऱ्या गावात मुलाकडे राही आणि फोनवर कमी, घरातल्यांशी जास्त बोले.

"जेवलास का? अरे, तो गॅस बारीक कर! तुला नाही रे. काय म्हणत होते मी?"

"जेवलास का म्हणालीस."

"मग जेवलास का? आणि दिवसभर बोलतोस तरी का कुणाशी, की नुसता त्या डबड्याकडे बघतोस?"

"बोलतो की. एक बाई आहेत."

पलीकडे एकदम शांतता झाली. गॅसही बारीक झाला असावा. "कोण बाई? नाव काय?"

"भा-सात."

"हे काय नाव आहे? बसचा नंबर आहे का?"

"नाव माहीत नाही, ताई. विचारायची परवानगी नाही."

"साठीला आलास," ताई म्हणाली, "आणि धड एक बाईसुद्धा तुला नावासकट भेटू नये. धन्य आहे तुझी!"

तो प्रश्न आला त्या दिवशी खिडकीवरचा कागद पिवळट होता, म्हणजे बाहेर ऊन असावे. बाईंचा प्रश्न अगदी लहान होता. 'सभेत मान मिळाला तरी आजोबांनी मान वर केली नाही. या वाक्यातील अधोरेखित शब्दाचा अर्थ सांगा.' पर्याय चार: आदर, शरीराचा भाग, मोजमाप, होकार. एकाच वाक्यात दोनदा 'मान', आणि सगळा प्रश्न रेघेवर उभा. पहिल्या 'मान'खाली रेघ असेल तर उत्तर आदर, दुसऱ्याखाली असेल तर शरीराचा भाग. बाईंनी रेघ दुसऱ्या 'मान'खाली ओढली होती आणि उत्तर दिले होते पर्याय दोन. काकांना प्रश्न फार आवडला. त्यांनी तो चौकटीत ओतला, सवयीने खोडरबर दाबला, आणि रेघ गेली.

तेवढ्यात पट्टीत शेरा उमटला. "सं-३, एक कामाबाहेरचं विचारू? मी प्रश्न लिहिला की मोठ्यानं वाचून बघते. पूर्वी ऐकायला समोर साठ मुलं असायची. आता भिंत ऐकते. तुम्ही वाचता का मोठ्यानं?"

चार वर्षांत बाईंनी कामाबाहेरचे असे काही विचारले नव्हते. काकांनी उत्तर लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले. शेवटी पाठवले ते असे: "इथे मोठ्याने वाचायला बंदी आहे. पण तुमचे प्रश्न मी ओठ हलवून वाचतो." पाठवल्यावर त्यांचे कान गरम झाले. समोर प्रश्न तसाच उघडा होता. मूळ फाइल शेजारी होती, पण त्यांनी तिकडे पाहिले नाही. आठवणीने त्यांनी 'मान' शब्द निवडला आणि रेघ ओढली. पहिल्या 'मान'खाली.

मंजुरीसाठी प्रश्न बाईंकडे गेला. दोन मिनिटांत परत आला. "तुम्ही केलंय म्हणजे बघायला नको. मंजूर." आणि पट्टी कोरी झाली.

परीक्षा झाली. उत्तरतालिका जाहीर झाली आणि हरकतींचा पाऊस पडला. एकट्या त्या प्रश्नावर सहाशेच्या वर. मुलांचे म्हणणे सरळ होते: पडद्यावर 'सभेत मान'खाली रेघ आहे, आम्ही आदर लिहिले, तुम्ही ते चूक कसे ठरवता? सोमवारी विभागप्रमुख मॅडमनी संपादनाच्या तिन्ही टेबलांना आत बोलावले. त्यांच्या हातात छापील कागद होता.

"भा-सात," त्या म्हणाल्या. "उत्तरच चुकीचं दिलंय. आदर हा पर्याय पहिला, यांनी दोन लिहिलं. वय झालं असेल, दुसरं काय! समिती शुक्रवारी बसतेय. प्राश्निकांच्या यादीतून नाव काढायचं आणि तसं पत्र पाठवायचं, असं दिसतंय."

"मूळ फाइल?" काकांनी विचारले.

"मूळ फाइल कोण बघतंय? प्राश्निकाची मंजुरी आहे ना! मंजुरी दिली की जबाबदारी त्यांची. तुमच्यावर काही येत नाही, काका. घाबरू नका."

काका जागेवर आले. एडिटरमध्ये बदलांचा इतिहास असतो. कुणी, कधी, काय केले याची एकाखाली एक नोंद. त्यांनी तो उघडला. 'सं-३ : सर्व मांडणी काढली, ११.०४. सं-३ : अधोरेखन, ११.१९.' मधली पंधरा मिनिटे तिथे कोरी होती. एका ओळीचे उत्तर लिहायला त्यांना पंधरा मिनिटे लागली होती.

शेजारची मुलगी मान वळवून बघत होती. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"बाप रे," ती हळू आवाजात म्हणाली. "काका, तुम्ही?"

"मी."

"मग एडिटरवर ढकला ना. पेस्ट करताना रेघ सरकली म्हणा. तो काय कोर्टात साक्ष द्यायला येणार आहे का?"

काकांनी विचार केला. खरोखर केला. दोन दिवस केला. एडिटर आपसूक रेघा सरकवतो असे एकदा लिहून दिले, की मग त्या परीक्षेतल्या प्रत्येक रेघेवर संशय येईल. पेपर रद्द होईल. एवढ्या मुलांनी पुन्हा बसायचे, आणि का, तर एका माणसाला एक वाक्य सुचत नव्हते म्हणून. ते जमणार नव्हते. गप्प बसणे जमण्यासारखे होते. नुसते बसायचे, शुक्रवार येतो आणि जातो. पण मग बाईंच्या हातात ते पत्र पडेल. त्या ते मोठ्याने वाचतील. भिंत ऐकेल. रेघ आपण दुसऱ्या 'मान'खाली ओढली होती हे त्यांना पक्के आठवेल. कदाचित दुसऱ्या दिवशी तेवढे पक्के आठवणार नाही, आणि मग त्या स्वतःवरच शंका घ्यायला लागतील. काकांना झोंबले ते हे. मागच्या बाकावरच्या कुणी खोडी काढावी आणि शिक्षा फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना व्हावी, असे कुठल्या वर्गात होते?

आणि कबूल केले तर काय, तेही त्यांना ठाऊक होते. झालेल्या परीक्षेत ज्याच्या हातून चूक होईल त्याला गोपनीय कामावर ठेवत नसत. एडिटर बंद, पट्टी बंद. म्हणजे बोलणे दोन्हीकडून संपणारच होते. फक्त अपराधी म्हणून कुणी उठायचे, एवढेच ठरायचे होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला.

"काय रे, आवाज का पडलाय? तुझ्या त्या बसच्या नंबरानं काही केलं का?"

"मी केलं. माझ्या चुकीचं खापर त्यांच्यावर फुटतंय."

"मग सांग की तसं."

"सांगितलं तर हे काम जाईल."

मागे नातवंडांचा गोंगाट चालू होता, पण ताईने कुणालाही ओरडून गप्प केले नाही. "तू लहानपणी काच फोडलीस," ती म्हणाली, "तेव्हा मी तुझ्यासाठी मार खाल्ला होता. आठवतं?"

"नाही."

"मार खाणाऱ्याला आठवतं, बाबा. जेव आता."

गुरुवारी सकाळी काकांनी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. पाच ओळी होत्या. मूळ फाइलमध्ये रेघ दुसऱ्या 'मान' शब्दाखाली आहे. मांडणी काढल्यावर ती मी पुन्हा ओढली. मूळ फाइल न पाहता ओढली. चुकीच्या 'मान' शब्दाखाली ओढली. प्राश्निकांनी दिलेले उत्तर बरोबर आहे.

मॅडमनी दोनदा वाचले. चष्मा काढला. "काका, हे लिहायची गरज नव्हती."

"होती."

"कळतंय ना, मला तुम्हाला खाली पाठवावं लागेल?"

"कळतंय."

"इतक्या वर्षांत तुमची एक चूक नाही हो," त्या जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "झाली ती अशी झाली कशी? लक्ष कुठे होतं?"

"त्यांना कळवाल का," काकांनी विचारले, "की चूक त्यांची नव्हती?"

"त्यांच्याबद्दल काही निर्णयच झाला नाही तर कळवायचं काय? त्यांना यातलं काही कळणार नाही. त्या प्रश्न पाठवत राहतील. बरंच झालं की."

"हो," काका म्हणाले. "बरंच झालं."

समितीने प्रश्न रद्द केला, सगळ्यांना त्याचा गुण दिला, आणि प्राश्निकाबद्दल एक शब्द लिहिला नाही. शुक्रवारी दुपारी काकांचा एडिटर बंद झाला. त्याआधी बाईंची नवीन फाइल आली आहे का हे त्यांनी तीनदा पाहिले. आली नव्हती. कोरी चौकट आणि तिच्या शेजारची कोरी पट्टी एवढेच पडद्यावर होते. पट्टीत लिहायला आधी प्रश्न असावा लागतो.

सोमवारपासून ते दुसऱ्या मजल्यावर, हॉलतिकिटांच्या विभागात बसू लागले. तिथे काचांना कागद नव्हता. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. काम सोपे होते: उमेदवाराचा फोटो चौकटीत नीट बसला आहे का ते बघायचे. दिवसाला आठशे चेहरे. कान दिसले पाहिजेत, डोळे उघडे पाहिजेत, मान सरळ पाहिजे. कुणी काही विचारत नसे, शेजारी पट्टी नव्हती. मोबाइल टेबलावर ठेवायला परवानगी होती, त्यामुळे तो दिवसभर समोर पडून असे आणि ताईची वेळ सोडली तर वाजत नसे. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा ते लिफ्टने सवयीने चौथ्या मजल्यावर गेले आणि लाकडी कप्प्यांपाशी उभे राहून परत आले.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, वरची मुलगी जिना उतरून त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. काका गेल्यावर तिसरे टेबल तिला मिळाले होते, आणि टेबलाबरोबर क्रमांकही. आता ती सं-३ होती. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव होते.

"काका, एक अडचण झालीय. तुम्हाला सांगायला नको खरं, पण सांगते."

"सांग."

"भा-सातचा प्रश्न होता. मी शेऱ्यात लिहिलं, 'दुरुस्ती करते आणि पाठवते.' मला काय माहीत! त्यांनी लगेच विचारलं." तिने इकडेतिकडे बघितले आणि पाठ केल्यासारखे म्हणून दाखवले. "'सं-३, चार वर्षं तुम्ही करतो, पाठवतो लिहीत होतात. आज करते, पाठवते. आधीचे कुठे गेले? बरे आहेत ना?' काय लिहू? माणूस बदलला हे सांगायचं नाही, नियम आहे. आणि न सांगता लिहू काय?"

काकांच्या पडद्यावर एक मुलगा डोळे मिटून उभा होता. त्याचा फोटो परत पाठवायचा होता. त्यांनी तो पाठवला नाही, तसाच राहू दिला.

आधीचे कुठे गेले. आपल्या खुशालीबद्दल चार वर्षांत बाईंनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि तो दोन मजले वर, दुसऱ्याच्या पडद्यावर येऊन पडला होता. मुलगी हळूच म्हणाली, "मी नुसतं लिहू का, की ते बरे आहेत? तेवढं चालेल. कुणी बघत नाही. त्यांना कळेल तरी, की तुम्ही होता."

आणि मग त्या विचारतील, गेले का. का गेले, कधी गेले. मुलगी भोळी आहे, कधीतरी बोलून जाईल. मग बाईंना तो शेरा आठवेल, कामाबाहेरचा, आणि ती मंजुरी, न बघता दिलेली. सगळे एका ओळीत येऊन उभे राहील. त्यानंतर त्या पट्टीत 'ठीक' आणि 'पाहिले' याखेरीज काही लिहिणार नाहीत.

"नको," काका म्हणाले. "लिही, टायपिंगची चूक झाली. घाई होती."

"आणि पुढे?"

"पुढे तूही करतो, पाठवतो लिहायचं."

"म्हणजे मी रोज तुम्ही व्हायचं?"

"त्या पट्टीपुरतं."

"मला नाही हो जमणार तुमच्यासारखं बोलायला. त्या गमती करतात. मी काय उत्तर देऊ?"

"त्यांचं वाक्य आधी ओठ हलवून वाच," काका म्हणाले. "मग सुचतं. आणि उत्तर लिहायच्या आधी रेघ ओढून घे, फाइल बघून."

ती 'बरं' म्हणाली. मग जिन्याकडे वळली. जिना रिकामा होता, त्यामुळे तिचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला. एकेक पायरी चढत ती सराव करत होती: करतो, बघतो, पाठवतो. बघतो, पाठवतो. एकदा चुकून 'पाठवते' म्हणाली, थांबली, आणि पहिल्यापासून सुरू केले.